मुका मार आणि नेमाचे माप

पाय मोडला तर वारकऱ्याला कोणी काही विचारत नाही. प्लॅस्टर दिसते, काठी दिसते, आणि दिंडीतले लोकच म्हणतात, "माउली, यंदा घरीच बसा." डोक्याला बसलेल्या मुक्या माराचे तसे नाही. रक्त नाही, टाका नाही, सीटी स्कॅनही बहुधा स्वच्छ येतो. माणूस उठतो, कपडे झटकतो आणि म्हणतो, "काही झाले नाही." दुसऱ्या दिवशी मात्र डोके ठणकते, उजेड टोचतो, टाळाचा आवाज कपाळात घुसतो, चार ओळी वाचल्या की अक्षरे हलू लागतात. डॉक्टर सांगतात, मेंदूला धक्का बसला आहे, याला कन्कशन म्हणतात, दोन दिवस विसावा घ्या आणि मग हळूहळू चालू लागा.

इथेच साधकापुढे तीन प्रश्न उभे राहतात. एकादशी करायची की नाही? चालायचे की झोपून राहायचे? आणि बसून बसून अंग वाढू लागले तर खाणे तोडायचे का? वरवर पाहता हे प्रश्न वैद्यकाचे आहेत, आणि त्यांचा औषधापुरता भाग डॉक्टरांनीच सांगावा. पण तिन्हींच्या मुळाशी एक प्रश्न आहे, तो आपला आहे. ज्या शरीराने नेम चालवायचा ते शरीरच नेम पेलत नसेल, तर निष्ठा कशाला म्हणायचे?

पुण्यात हा प्रश्न घरोघरी येऊ शकतो. शहर दुचाकीवर चालते. पावसाच्या पहिल्या सरीने निसरडा झालेला रस्ता, न दिसलेला गतिरोधक, अचानक आडवा आलेला कुत्रा, एवढे पुरे होते. घरातल्या न्हाणीत पाय घसरूनही तेच होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात हेल्मेट सांगितलेले आहे. १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी ते कडकपणे लागू करायचे ठरवले, तेव्हा शहरात केवढा विरोध झाला हे आपण पाहिले. हेल्मेट कवटी वाचवते, जीव वाचवते, म्हणून ते घालावेच. पण डोके जोराने हिंदकळले तर आतल्या मेंदूला धक्का तरीही बसू शकतो.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण तिच्यात उशीर चालत नाही. डोक्याला मार बसल्यावर वारंवार उलटी होणे, डोकेदुखी वाढत जाणे, गुंगी येणे किंवा जागे करता न येणे, बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे, झटका येणे, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, यांतले काहीही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. वय झालेल्यांनी आणि रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी तर अशी लक्षणे दिसण्याचीही वाट पाहू नये. आपल्या दिंड्यांत अशी मंडळी पुष्कळ आहेत. पुढचे सगळे चिंतन हा धोका नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यानंतरचे आहे.

मेंदू खरवसासारखा मऊ असतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा शेकडा दोन, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे शेकडा वीस एकटा तोच घेतो. धक्का बसला की पेशींच्या आतबाहेर असलेले पोटॅशियम, कॅल्शियमसारखे क्षार आपली जागा सोडतात. ते परत जागेवर नेण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा जास्त साखर लागते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. कॅलिफोर्नियातील क्रिस्टोफर गिझा आणि डेव्हिड होव्हडा या संशोधकांनी २००१ साली या अवस्थेचे नीट वर्णन केले. घरात खर्च वाढावा आणि त्याच महिन्यात मिळकत घटावी, तशी ही ओढाताण असते. ती डोळ्यांना दिसत नाही, स्कॅनमध्येही बहुधा उमटत नाही. म्हणून "सगळे रिपोर्ट चांगले आहेत, मग हा अजून का कण्हतो?" असे घरच्यांनी म्हणू नये.

आता विसाव्याविषयी. पूर्वी अशा माणसाला अंधाऱ्या खोलीत दिवसचे दिवस निजवून ठेवत. पुढे तपासून पाहिल्यावर वेगळेच दिसले. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ ते २२ वर्षांच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एकाला पाच दिवस कडक विश्रांती दिली, दुसऱ्याला एक-दोन दिवसांची विश्रांती देऊन मग पायरीपायरीने कामाला लावले. पाच दिवस पडून राहिलेल्यांच्याच तक्रारी जास्त निघाल्या आणि अधिक दिवस टिकल्या. खेळाडूंच्या अशा दुखापतींविषयी २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरातले तज्ज्ञ जमले होते. त्यांनीही हेच सांगितले. पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती, त्या काळात मोबाइल-टीव्ही अगदी कमी, घरातल्या घरात हलकी हालचाल चालेल. मग चालणे सुरू करावे आणि थोडे थोडे वाढवावे.

किती वाढवावे याचे मापही त्यांनी दिले आहे, आणि ते कोणालाही जमण्यासारखे आहे. चालायला निघण्यापूर्वी आपल्या त्रासाला शून्य ते दहा यांतला एक आकडा द्यावा. समजा तो तीन आहे. चालताना तो चार-पाचवर गेला आणि तासाभरात पुन्हा खाली आला, तर चालणे पेलले असे समजावे. दोन घरांपेक्षा जास्त चढला, तर तिथेच थांबावे आणि दुसऱ्या दिवशी थोडे कमी चालावे. ज्यात पुन्हा डोके आपटण्याचा संभव आहे, अशा गोष्टी डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत वर्ज्य. वारकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर फुगडी नको, रिंगणातली धाव नको, डोक्यावर तुळस किंवा हंडा नको, दुचाकीही नको.

हे ऐकून वारकऱ्याला नवल वाटू नये. आपला सोहळा असाच चालतो. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, पण ती वाट कोणी एका दमात तोडत नाही. सकाळचा विसावा, दुपारचे भोजन, पुन्हा चाल, मग मुक्काम. पुण्यात तर पालख्या दोन रात्री राहतात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात. त्या मुक्कामात वारी थांबली असे कोणी म्हणत नाही. दोन रात्री पुण्यात राहिलेला वारकरीही वारीतच असतो. हैबतबाबांनी सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यात कोणी कुठे चालायचे हे ठरले, तसे सर्वांनी कुठे थांबायचे हेही ठरले. समाज आरतीच्या वेळी चोपदारांनी दंड वर केला की हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. तेव्हा "मी का थांबू, माझा अभंग अजून रंगात आहे" असे कोणी म्हणत नाही. दुखावलेल्या मेंदूचा ठणका हा तसाच वर झालेला दंड आहे. तो दिसला की थांबावे, खाली आला की चालावे.

हडपसरच्या बाजूच्या एक मावशी आहेत. वीसेक वर्षे त्यांनी डोक्यावर तुळस घेऊन वारी केली. एका वर्षी प्रस्थानाला पंधरा दिवस राहिले असताना त्या दुचाकीवरून मागच्या मागे पडल्या. स्कॅन चांगला आला. प्रस्थान जवळ आले तरी डोके जड, मान आखडलेली, गर्दीत उभे राहिले की भोवळ. मुलगा म्हणत होता जाऊ नको. त्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, "देवाला काय सांगू?" त्यांच्या दिंडीतल्या एका वृद्ध बुवांनी उत्तर दिले, "देवाला काही सांगावे लागत नाही. लोकांना काय सांगू, ही काळजी आहे तुला." मावशी रागावल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. मग त्यांनी तुळस सुनेच्या डोक्यावर दिली आणि स्वतः घरी राहिल्या. रोज सकाळी ऊन चढायच्या आत सोसायटीच्या आवारात दहा मिनिटे चालत, मग पंधरा, मग वीस. त्याच वर्षी कार्तिकात त्या आळंदीला पायी गेल्या.

बुवांचे बोलणे कठोर होते, पण नेमका प्रश्न त्यातच आहे. वीस वर्षांचा अखंड नेम ही मोठी कमाई आहे. मात्र कमाई म्हटली की तिचा हिशोब ठेवणारा कोणीतरी आत बसतो. "माझी वारी चुकली नाही", "माझी एकादशी मोडली नाही", या वाक्यांतला "माझी" हा शब्द नेमापेक्षा मोठा होऊ लागला, की शरीर दुखावलेले असतानाही माणूस त्याला ओढत नेतो आणि त्याला निष्ठा म्हणतो.

आता उपवासाचे पाहू. ज्या दिवशी माउलींची पालखी पुण्याहून निघून दिवे घाट चढते आणि सासवडला पोहोचते, त्या दिवशी बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशी असते. सुमारे तीस किलोमीटरची चाल, घाटाची चढण आणि पोटात उपवास. धडधाकट माणसाला हा आनंद आहे. मेंदूची ऊर्जेची ओढाताण चालू असलेल्या माणसाला मात्र तोच दिवस पुन्हा अंथरुणाला खिळवू शकतो. उपाशी पोट आणि कमी पाणी यांनी साध्या माणसाचेही डोके दुखते. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिले तर साखर उतरते, भोवळ येते, आणि भोवळीतून दुसऱ्यांदा पडणे हा पहिल्यापेक्षा मोठा अनर्थ आहे.

धर्मशास्त्राने या माणसाला वाऱ्यावर सोडलेले नाही. पंढरपूरच्याच काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० साली धर्मसिंधु हा ग्रंथ रचला. त्यात अशक्ताला निराहाराऐवजी एकभुक्त, फलाहार, दूध असे पर्याय दिलेले आहेत. ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी परंपरेने सांगितल्या आहेत, त्यांत पाणी, फळ, दूध आहे, गुरूचे वचन आहे आणि औषधही आहे. या काळात वेळेवरचे जेवण हे औषधच आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि मुळीच न झोपणाऱ्याला, अशा चौघांनाही योग साधत नाही असे सांगितले आहे. माउलींनी त्यावर केलेले विवेचन ज्ञानेश्वरीत आपण वाचतो. सतराव्या अध्यायात तर हट्टाने देहाला पीडा देणाऱ्या तपाची गणना तामसात केली आहे.

पण अति न खाणाऱ्याची जी चूक, तीच अति खाणाऱ्याची. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच घरात जन्मली. तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर तळलेले पापड, आणि दिवसभर पडून राहणे, याला उपवास म्हणवत नाही आणि पथ्यही म्हणवत नाही. फराळच करायचा तर भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, ताक, दूध, एखादे फळ, असा थोडा थोडा आणि वेळेवर करावा. एरवीच्या दिवशी सकाळची न्याहारी चुकवू नये. मुगाची डाळ, उसळ, दही, पालेभाजी, भाकरी, एवढे साधे जेवण पुरते. पाण्याचा तांब्या जवळ असावा. दुपारनंतर चहा टाळावा, कारण मेंदूची दुरुस्ती झोपेत होते आणि चहा झोप पळवतो.

तरीही वजन वाढते. चालणे बंद, झोप विस्कटलेली, भुकेची वेळ हरवलेली, आणि भेटीला येणारा प्रत्येक जण पेढ्याचा पुडा घेऊन येतो. एखाद्याचे उलट होते. मळमळ असते, वास येईनासा होतो, अन्न मातीसारखे लागते आणि अंग उतरते. त्याने थोडे थोडे, अनेकदा खावे, आणि वजन उतरतच राहिले तर डॉक्टरांना सांगावे. वाढलेल्याने घाबरून उपास सुरू करू नयेत. वजन उतरवण्याची मोहीम बरे झाल्यावर करता येते. या काळात रोज काट्यावर उभे राहू नये, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. दुसऱ्यांदा वाढून घेताना हात आखडावा, गोड प्रसादापुरते घ्यावे, पेढे शेजारच्या मुलांना वाटावेत. रोजचे चालणे जसे वाढेल तशी वाढ आटोक्यात येईल. दोन किलो अंग वाढले याची लाज वाटणे हाही देहाचाच अभिमान आहे, फक्त उलट्या बाजूने.

इथे कोणी रास्त शंका घेईल. मन सवलतच शोधत असते. आज डोके दुखते म्हणून एकादशी सोडली, उद्या पाऊस आहे म्हणून वारी सोडेल. नेमाला एकदा भोक पडले की तो गळूनच जातो. ही शंका खोटी नाही. पुष्कळांचे नेम असेच सुटलेले आपण पाहतो. म्हणून सवलत आणि आळस ओळखण्याच्या तीन खुणा सांगतो. पहिली, सवलत दुसऱ्याने ठरवलेली असते. डॉक्टर, गुरू किंवा घरातले जाणते माणूस ती देते, आळस मात्र आपला आपणच ठरवतो. दुसरी, सवलतीला मुदत असते. "पुढच्या तपासणीपर्यंत" असे म्हणता येते. आळसाला तिथी नसते. तिसरी, सवलत घेणारा जे जमते ते सोडत नाही. हरिपाठ एका बैठकीत होत नसेल तर तीन वेळा थोडा थोडा, डोळे मिटून, मुखातल्या मुखात म्हणावा. पारायण झेपत नसेल तर रोज एक ओवी कोणाकडून वाचून घ्यावी आणि दिवसभर मनात फिरवावी. मंडपातला टाळमृदंग सोसत नसेल तर लांब ओसरीवर बसावे. नामाला उजेड लागत नाही, चष्मा लागत नाही, पायही लागत नाहीत. जो एवढे चुकवत नाही त्याचा नेम शाबूत आहे.

या तीन खुणा पाळणे उपवासापेक्षा अवघड आहे, हे सांगायला हवे. उपवास एका दिवसात संपतो आणि केल्याचे समाधान देतो. मोजून जेवणे, मोजून चालणे, बरे वाटू लागले तरी उद्यासाठी थोडी शक्ती राखून ठेवणे, याचे कोणी कौतुक करत नाही. बहुतेकांना काही आठवड्यांत बरे वाटते, काहींना महिने लागतात. हे महिने कोणाच्या नजरेत न भरता काढायचे असतात. निष्ठेची परीक्षा तिथे असते, कारण तिथे पाहणारा एक विठ्ठलच असतो.

आणि घरच्यांसाठी, दिंडीतल्यांसाठी दोन शब्द. अशा माणसाची चिडचिड होते, विसरभोळेपणा येतो, रडूही येते. ती दुखापतीची लक्षणे आहेत, स्वभावाचा दोष नाही. "अजून बरे नाही का वाटत?" असे रोज विचारू नये. त्याच्यासाठी टीव्हीचा आवाज कमी करावा, वेळेवर ताट वाढावे, सोबत दहा मिनिटे गप्प चालावे. दिंडीचालकांनीही "चल, नावाने सगळे बरे होते" असे म्हणून अशा कोणाला उन्हात ओढू नये.

रुग्णानेही ही सेवा घ्यावी. पालख्या पुण्यात येतात तेव्हा अनोळखी माणसे वारकऱ्यांचे पाय चेपतात, तुटलेल्या वहाणा शिवून देतात, दाढी करून देतात, औषध देतात, आणि वारकरी पाय पुढे करतो. त्याला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण समोरचा आपल्यातल्या विठ्ठलाची सेवा करतो आहे हे त्याला माहीत असते. मग घरात सुनेने वाढलेले ताट, मुलाने धरलेला हात, आणि "बाबा, आज एवढेच चाला" असे नातीने म्हणणे, हे नाकारण्यात कसली निष्ठा? तेही त्याच भावाने घ्यावे, पान संपवावे, आणि उद्या आज पेललेल्या मापाने पुन्हा पाऊल टाकावे.

राम कृष्ण हरि.